मोटारीस किती खर्च करावा?

मोटार घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न एके काळी शहरातील सधन लोकांपुरताच होता. आता तसे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी मोटारींच्या दुकानांच्या पाट्या झळकू लागल्या आहेत. उसाचे बिल जमा झाले, सोयाबीनचा पैसा हाती आला, किंवा मुलास नोकरी लागली, की घरात पहिली बोलणी निघतात ती मोटारीची. मोटार ही स्वतः वाईट वस्तू नव्हे. वृद्ध मातापित्यांस उन्हापावसात फाट्यावर तिष्ठत ठेवावे लागत नाही, आजाऱ्यास अपरात्री दवाखान्यात नेता येते, चार ठिकाणची कामे एका दिवसात उरकतात. ह्यास्तव मोटार घेऊ नका असे सांगण्यासाठी आम्ही हा पाठ लिहीत नाही. किती पैसा घातला असता तो अति होतो, आणि तो घालण्यापूर्वीच हे कसे ओळखावे, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

ज्यास बुरूज बांधावयाचा आहे त्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हा दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यातील बसण्याची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दुकानात, नव्या रंगाचा वास येत असता आणि विक्रेता चहा पुढे करीत असता, हा हिशेब उभ्या उभ्या होत नाही. तो घरी, कागद-पेन्सिल घेऊन, पतिपत्नींनी एकत्र बसून करावयाचा असतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: मोटार महाग की स्वस्त हे केवळ तिच्या किमतीवरून ठरत नाही, तिच्यासाठी दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा पैसा काढावा लागतो की काय, यावरून ते ठरते. आता हे क्रमाने पाहू.

१. पाटीवरची किंमत व दारातली किंमत

समजा, दुकानातील एका लहान पेट्रोल गाडीवर ६,००,००० रुपये अशी पाटी आहे. हिला एक्स-शोरूम किंमत म्हणतात. वस्तू व सेवा कर तीत धरलेला असतो, परंतु एवढ्याने गाडी दारात येत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के एकरकमी वाहनकर पडतो. तो झाला ६६,००० रुपये. मग विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा एकदम तीन वर्षांचा उतरावा लागतो, आणि स्वतःच्या गाडीचा विमा त्याहून निराळा. नोंदणीची फी, नंबरपाटी, फास्टॅग, कर्जाच्या कागदांचा खर्च हे सर्व मिळविले म्हणजे सहा लाखांची गाडी दारात येईपर्यंत सुमारे सात लाखांची होते. म्हणून पहिला धडा हा, की विचार करावयाचा तो दारातल्या किमतीचा, पाटीवरच्या नव्हे.

दुसरीही एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर कमी झाला. पूर्वी २८ टक्के व वर थोडा उपकर असे. तो आता १८ टक्के आहे. त्यामुळे सहा लाखांच्या गाडीमागे पन्नास हजारांच्या आसपास बचत होऊ लागली. ही चांगली गोष्ट आहे. परंतु किंमत उतरल्याचा लाभ ज्याने खिशात ठेवला, त्यालाच तो झाला. “एवढे वाचलेच आहेत, तर वरच्या नमुन्याची घेऊ,” असे म्हणणाऱ्याच्या हाती काहीच उरले नाही. उलट मोठ्या गाडीचा विमा, पेट्रोल व डागडुजी त्याच्या गळ्यात पडली.

२. हप्त्याची चाल कोठून आली?

आज पुष्कळ लोक मोटार घेताना तिची किंमत विचारीतच नाहीत, “हप्ता किती बसेल?” एवढेच विचारतात. ही चाल कशी पडली, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ साली मॉडेल टी नावाची मोटार काढली. तिची किंमत प्रारंभी ८५० डॉलर होती. कारखान्यातील कामाच्या नव्या पद्धतीमुळे ती उतरत उतरत १९२५ च्या सुमारास २६० डॉलरांवर आली. फोर्ड यांचे मत असे, की मनुष्याने पैसे साठवावे आणि मग मोटार न्यावी. त्यांच्या प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स कंपनीने निराळा मार्ग धरला. तिने १९१९ साली मोटारीसाठी कर्ज देणारी आपली स्वतंत्र संस्था काढली, आणि गाडी आधी, पैसे मागून, अशी सोय केली. फोर्ड यांनी १९२३ साली याला उत्तर म्हणून एक योजना काढली. गिऱ्हाइकाने दर आठवड्यास पाच डॉलर ठेव ठेवावी, किंमत भरली की गाडी घेऊन जावी. ही योजना फारशी चालली नाही. रक्कम दोहोंकडे थोडथोडीच भरावयाची होती. परंतु एकीकडे थांबावे लागे व दुसरीकडे थांबावे लागत नसे. शेवटी १९२८ साली फोर्ड कंपनीनेही कर्ज देणारी संस्था काढली.

यातून हे दिसते, की हप्त्यावर गाडी घेणारा दोन वस्तू विकत घेतो. एक मोटार आणि दुसरी न थांबण्याची मुभा. दुसऱ्या वस्तूची किंमत म्हणजे व्याज. ती कधीकधी देणे योग्यही असेल. परंतु ती किती आहे हे घेणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

३. हप्त्याचे गणित

आपल्या उदाहरणातील गाडीसाठी एका कुटुंबाने पदरचे १,००,००० रुपये भरले आणि ६,००,००० रुपये कर्ज काढले असे धरू. व्याज सालीना १० टक्के, उरलेल्या मुद्दलावर. मग हिशेब असा होतो:

तीन वर्षांची मुदत: महिना १९,३६० रुपये, एकूण व्याज सुमारे ९७,००० रुपये.

पाच वर्षांची मुदत: महिना १२,७४८ रुपये, एकूण व्याज सुमारे १,६५,००० रुपये.

सात वर्षांची मुदत: महिना ९,९६१ रुपये, एकूण व्याज सुमारे २,३७,००० रुपये.

विक्रेता बहुधा शेवटची ओळ पुढे करतो, कारण तीत हप्ता लहान दिसतो. परंतु हप्ता लहान झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली असे नव्हे. उलट ती १,४०,००० रुपयांनी महाग झाली.

याहून मोठा धोका पुढेच आहे. मोटार ही जमिनीसारखी वाढणारी वस्तू नाही. ती दारात उभी राहूनही झिजते. विमा कंपन्यांच्या नेहमीच्या कोष्टकात तीन वर्षे उलटलेल्या मोटारीची किंमत ४० टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे आपल्या सहा लाखांच्या गाडीचे उरले ३,६०,००० रुपये. सात वर्षांचे कर्ज घेणाऱ्याने तीन वर्षे एकही हप्ता न चुकविता सुमारे ३,५८,६०० रुपये भरले, तरी त्याचे मुद्दल अजून सुमारे ३,९२,७०० रुपये राहते. अशा वेळी गाडी चोरीस गेली किंवा अपघातात निकामी झाली, तर विम्याचे पैसे बँकेकडे जातील, आणि नसलेल्या गाडीचे आणखी ३२,७०० रुपये देणे उरेल. तेच कर्ज पाच वर्षांचे असते, तर तीन वर्षांनंतर देणे सुमारे २,७६,००० रुपये राहिले असते, म्हणजे गाडीच्या किमतीहून कमी.

शेतकरी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. शेताचे उत्पन्न हंगामाने येते आणि हप्ता महिन्याने जातो. पाऊस लांबला, बाजार पडला किंवा कारखान्याचे बिल रखडले, म्हणून हप्त्याची तारीख पुढे सरत नाही. हप्ता चुकला की दंड लागतो. ९० दिवस थकला की बँक ते खाते बुडीताच्या वाटेवरचे मानते, गाडी ओढून नेण्याची पाळी येते, आणि पुढे घरासाठी वा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागू गेल्यास हाच डाग आडवा येतो. म्हणून ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे त्यांनी कर्ज घ्यावयाचेच असेल, तर हंगामी हप्त्याची सोय मिळेल काय हे आधी विचारावे. पीककर्ज बियाण्याखतासाठी सवलतीने मिळते. ते मोटारीच्या पहिल्या भरण्यात घालणे म्हणजे पेरणीचे बी दळून खाणे होय.

४. वर्षाचा खरा हिशेब

हप्ता हा मोटारीचा एकच खर्च नव्हे. बैल विकत घेतला म्हणजे वैरणही आली. आपल्या कुटुंबाची सर्व मिळून मासिक प्राप्ती ४५,००० रुपये आहे, ते वर्षास ८,००० किलोमीटर मोटार चालविते, आणि कर्ज पाच वर्षांचे आहे, असे धरू. गाडी लिटरास १६ किलोमीटर चालली, तर ५०० लिटर पेट्रोल लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी लिटर १०० रुपये धरू.

हप्ते १,५३,००० रुपये. पेट्रोल ५०,००० रुपये. विमा १५,००० रुपये. सर्व्हिसिंग, टायर व डागडुजी १५,००० रुपये. टोल, पंक्चर, धुलाई व किरकोळ ५,००० रुपये. एकूण २,३८,००० रुपये.

हे महिन्यास सुमारे १९,८०० रुपये झाले. ४५,००० रुपयांच्या प्राप्तीत हे शंभरातील ४४ रुपये होत. उरलेल्या ५६ रुपयांत धान्य, कपडे, वीज, शाळेची फी, औषध, लग्नकार्य आणि आईबापांचे म्हातारपण हे सर्व बसवावयाचे. बसत नाही, म्हणून मग दुकानदाराची उधारी वाढते, औषध अर्धेच आणले जाते, मुलीस सांगण्यात येते की पुढच्या वर्षी पाहू. मोटार दारात उभी असते. आणि तिचे पैसे घरातील सर्वांत मुकाट मनुष्य भरीत असतो.

कोणी म्हणेल, हप्त्यांत मुद्दल आहे, आणि शेवटी गाडी आपलीच होते. हे खरे आहे. म्हणून न्यायाने हिशेब करू. पाच वर्षांनी ही गाडी ३,००,००० रुपयांस विकली गेली असे धरू. पहिला भरणा व हप्ते मिळून ८,६५,००० रुपये गेले. त्यांतून तीन लाख वजा केले तर ५,६५,००० रुपये, म्हणजे वर्षास १,१३,००० रुपये. त्यांत चालविण्याचे ८५,००० रुपये मिळविले की वर्षाचा खरा खर्च १,९८,००० रुपये होतो. प्रत्येक किलोमीटरास सुमारे २५ रुपये पडले.

आता तुलना करून पाहा. चालक व पेट्रोल यांसह भाड्याची गाडी दिवसास २,५०० रुपयांस मिळते असे धरले, तर ह्याच पैशांत वर्षातून ७९ दिवस, म्हणजे दर आठवड्यास दीड दिवस, गाडी दारात बोलावता येईल. आपल्या गावचा दर निराळा असल्यास तो घालून हा भागाकार पुन्हा करावा. बाकीच्या दिवसांस वडाप आहे, एस. टी. आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर निघालेली ही गाडी आज तिकिटात स्त्रियांस निम्मी सवलत देते, आणि ७५ वर्षांवरील वृद्धांस फुकट नेते. अकस्मात आजारासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिच्यास पैसे पडत नाहीत. आडवाटेच्या वस्तीवर ती पोहोचण्यास वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. परंतु वर्षातून एखाद्या रात्रीच्या भीतीसाठी वर्षभर ४४ टक्के प्राप्ती देणे आणि गावातील गाडीवाल्याचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवणे, ह्या दोहोंत दुसरा उपाय आधी करून पाहण्यासारखा आहे.

५. तीन मापे

तर मग मर्यादा कोठे घालावी? आम्ही तीन मापे सुचवितो. ही कोणत्याही शास्त्राचा अटळ नियम नव्हेत. संसाराच्या शहाणपणाची मापे आहेत.

पहिले माप प्राप्तीचे. हप्ता, पेट्रोल, विमा व डागडुजी हे सर्व मिळून मासिक प्राप्तीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होऊ नये. प्राप्ती वर्षाची काढून बारांनी भागावी. आणि शेतीची प्राप्ती चांगल्या वर्षाची नव्हे, तर गेल्या तीन-चार वर्षांची सरासरी धरावी.

दुसरे माप मुदतीचे. कोणत्याही दिवशी गाडी विकली तर कर्ज फिटावे, इतकेच कर्ज असावे. त्यासाठी दारातल्या किमतीचा निदान चौथा हिस्सा पदरचा असावा, आणि मुदत पाच वर्षांपुढे जाऊ नये. तीन असल्यास अधिक चांगले.

तिसरे माप शिल्लकीचे. गाडी घेतल्यावरही घरात सहा महिन्यांचा खर्च आणि एका हंगामाचे बी-खत यांपुरता पैसा शिल्लक असावा. ज्याने गाडीसाठी शेवटचा रुपया काढला, त्याचा पहिला आजार सावकाराच्या दारी नेतो.

आता पहिले माप लावून आपल्या कुटुंबाचे उत्तर काढू. ४५,००० चा पाचवा हिस्सा ९,००० रुपये. गाडी चालविण्याचाच खर्च वर्षास ८५,००० रुपये, म्हणजे महिन्यास सुमारे ७,००० रुपये आहे. मग हप्त्यास उरले २,००० रुपये. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत एवढ्या हप्त्यावर सुमारे ९४,००० रुपये कर्ज फिटते. शिल्लकीस हात न लावता त्यांचे दीड लाख साठलेले असले, तर त्यांच्या ऐपतीची मोटार अडीच लाखांच्या आतली झाली. त्यापुढील प्रत्येक रुपया ह्या कुटुंबास अति आहे. ज्याची प्राप्ती लाख रुपये आहे त्यास तीच सात लाखांची गाडी कदाचित जड होणार नाही. म्हणून “अमुक लाख म्हणजे अति” असे सर्वांस एक उत्तर देता येत नाही. परंतु प्रत्येक घराचे उत्तर मात्र निश्चित काढता येते.

६. अडीच लाखांत काय मिळते?

एवढ्या पैशांत बहुधा जुनी गाडी घ्यावी लागेल. तीत लाज मानण्यासारखे काही नाही. तिचा विमा कमी आणि डागडुजी अधिक, म्हणून वर्षाचा चालविण्याचा खर्च जवळजवळ तेवढाच धरावा. मात्र पुढील गोष्टी पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

एक, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीस दाखवावी, विकणाऱ्याच्या मिस्त्रीस नव्हे. दोन, नोंदणीच्या पुस्तकावर बँकेचा बोजा आहे काय ते पाहावे. असल्यास बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र व ३५ क्रमांकाचा नमुना मिळाल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. तीन, २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, आणि विमाही नावावर करावा. चार, न भरलेले दंड आहेत काय ते तपासावे. पाच, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तीतील किती उरली ते मोजावे.

येथे एक सूचना अगत्याची आहे. काटकसर करावी, पण जिवावर करू नये. २०२१ सालच्या अखेरीपासून नव्या मोटारींत पुढील दोन्ही बैठकींसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या. त्यापूर्वीच्या पुष्कळ स्वस्त गाड्यांत त्या नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाची सरकारी व्यवस्था मोटारी आदळून पाहते आणि त्यांस तारे देते. मोठी काच, चकचकीत चाके व गाण्याचे यंत्र यांवर पैसा घालण्यापेक्षा एअरबॅग, चांगले ब्रेक आणि चांगले टायर यांवर घालावा. आणि पट्टा मागे बसणाऱ्यांनीही बांधावा. त्यास काहीच पैसे पडत नाहीत.

कित्येक जण असे समाधान करून घेतात, की गाडी भाड्याने फिरवू व हप्ता काढू. खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीस भाडे घेण्याची परवानगी नाही. त्यासाठी पिवळी पाटी, परवाना व निराळा विमा लागतो. चोरून भाडे केले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते. धंदा करावयाचा तर धंदा म्हणून उघडपणे करावा, आणि त्याचा हिशेबही निराळा ठेवावा.

७. लोक काय म्हणतील?

इतके गणित कळत असूनही मनुष्य अति खर्च का करतो? टाटा कंपनीने २००९ साली नॅनो नावाची मोटार बाजारात आणली. दुचाकीवर चौघे बसून जाणाऱ्या कुटुंबास चार भिंतींची सुरक्षित गाडी मिळावी, हा रतन टाटा यांचा हेतू होता. आणि कारखान्याबाहेर पडताना तिच्या सर्वांत साध्या नमुन्याची किंमत एक लाख रुपये ठेवली होती. गरज खरी होती, तरी ती गाडी अपेक्षेइतकी खपली नाही, आणि २०१८ साली तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. याची कारणे अनेक आहेत. परंतु सर्वांत स्वस्त मोटार हे नाव तिला बाधले, असे पुष्कळ जाणत्यांनी म्हटले आहे. मनुष्यास मोटारीत केवळ बसावयाचे नसते. बसलेले दिसावयाचेही असते.

दिसण्याचा हा खर्च हिशेबाच्या कोणत्याही ओळीत लिहिलेला नसतो, म्हणून तो धरता येत नाही. त्यास एक कसोटी आहे. “ही मोटार रात्री घरी आली असती, आणि गावात कोणी पाहिली नसती, तरी मी एवढेच पैसे दिले असते काय?” उत्तर नाही असे आले, तर जेवढी रक्कम कमी करावीशी वाटते, तेवढी आपण शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी देत आहो असे समजावे. आणि शेजारी तर एक हप्ताही भरणार नाहीत.

ह्या दिसण्याचे सर्वांत वाईट रूप लग्नात दिसते. वरपक्षाने मोटार मागावी आणि वधूपित्याने जमीन गहाण टाकून ती द्यावी, अशा गोष्टी आजही घडतात. काही जण तिला भेट म्हणतात. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याप्रमाणे हुंडा घेणे व देणे हा गुन्हा आहे, आणि त्यास निदान पाच वर्षांची कैद सांगितली आहे. अशा मोटारीसाठी किती खर्च अति, याला आमचे उत्तर एकच आहे: एक रुपयाही अति आहे. शिक्षक, उपदेशक व वडील माणसे यांनी सोयरिकीच्या बैठकीत हे स्पष्ट बोलावे. कारण मुलीच्या बापास तेथे बोलता येत नाही.

८. एका वर्षाची परीक्षा

शेवटी एक उपाय सांगतो. ज्या गाडीवर मन बसले आहे तिचा मासिक हप्ता व चालविण्याचा खर्च मिळवावा, आणि गाडी न घेता तेवढी रक्कम वर्षभर दर महिन्यास निराळ्या खात्यात किंवा बँकेच्या आवर्ती ठेवीत भरावी. एस. टी. चे व भाड्याच्या गाडीचे पैसे नेहमीप्रमाणे निराळे द्यावे. वर्षात जून येईल, शाळेची फी येईल, पेरणी येईल, सण येतील, एखादे दुखणे येईल. हे सर्व सोसून, उधारी न वाढविता आणि घरातील कोणाचे काही न तोडता बारा भरणे झाले, तर ती गाडी आपल्या ऐपतीची आहे. आणि हाती पहिल्या भरण्याची मोठी रक्कमही आली. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने महिना १९,८०० रुपये असे भरले, तर वर्षअखेर व्याजावाचून २,३७,६०० रुपये जमतील. परंतु चौथ्या महिन्यात हात आखडला, तर तेही कळले, आणि ते कळण्यास काही खर्च आला नाही. तोच अनुभव कर्ज घेतल्यावर आला असता, तर गाडीही गेली असती व पतही.

आधी साठवून मग घेण्याची ही रीत जुनी आहे, आणि थांबावे लागते म्हणून लोकांस ती नकोशी वाटते. तथापि त्या थांबण्यातच मनुष्यास आपली खरी गरज कळते. वर्षानंतरही मोटार हवीशी वाटली, घरातील सर्वांच्या वाट्याचे त्यांस मिळाले, आणि पैसा आपला असला, तर ती आनंदाने घ्यावी, नीट चालवावी, आणि शेजारच्या आजाऱ्यास दवाखान्यात नेण्यास नाही म्हणू नये.

घरी व मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या घराची गेल्या तीन वर्षांची सरासरी मासिक प्राप्ती किती? तिचा पाचवा हिस्सा किती होतो?

२. गेल्या वर्षी खरोखर मोटार लागलीच असती, असे दिवस किती होते? तेवढ्या दिवसांचे भाडे किती झाले असते?

३. सात वर्षांच्या कर्जात हप्ता लहान असूनही गाडी महाग का पडते, हे फळ्यावर हिशेब मांडून दाखवा.

४. आपल्या घरात मोटारीचा हप्ता भरण्यासाठी प्रथम कोणाचा खर्च कमी केला जाईल? त्या व्यक्तीस हे विचारले आहे काय?

५. सोयरिकीत मोटार मागितली गेली, तर मंडळीतील वडील माणसांनी काय बोलावे?